माळ्यावर सापडलेला साडेचार किलोचा गोळा : शिसंच ना हे?

माजघर
नमस्कार मंडळी. गावचं घर विकायला काढलंय (सातारा जिल्हा, याहून जास्त सांगत नाही), म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघी बहिणी माळा उपसायला बसलो. पितळेचे हंडे, कान तुटलेल्या बरण्या, १९७१चं पंचांग, आणि सगळ्यात तळाला गोणपाटात गुंडाळलेला हा गोळा. फोटो जोडलाय. छोट्या कढईत पाक थिजावा तसा आकार आहे, खालून गोल आणि वरून सपाट. वरच्या बाजूला चार-पाच बारीक उंचवटे आहेत. रंग मळकट राखाडी. एका हाताने उचलायला गेले आणि मनगट मुरगाळता मुरगाळता राहिलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४ किलो ६४० ग्रॅम भरला. लोहचुंबक चिकटत नाही.

आजोबा शाळेत कारकून होते. बंदूक, बॅटरी, मासेमारी, कशाशीच संबंध नाही. हे शिसंच आहे का आणि घरात ठेवून त्याचा काही उपयोग असतो का, एवढं सांगा. शिवाय माझा मुलगा (वय ९) व्हिडिओ बघून हटून बसलाय, की गॅसवर वितळवून मावळे ओतू या. चालेल का?

टवाळ
आजोबांनी पाकच केला होता. लाडू वळायला तुम्ही साठ वर्षं उशीर केलात.

गणूमामा
शिसंच. दुसरं काय असणार? लोखंडापेक्षा जड, चुंबकाला चिकटत नाही, रंग मळका. नखाने ओरखडा काढून बघा, उमटेल. भंगारवाल्याला द्या, चांगले पैसे येतील. मुलाला मावळे करू द्या, आम्ही लहानपणी गळाला लावायची वजनं डब्यात वितळवून ओतायचो, काही झालं नाही.

डॉ. कडुनिंब
गणूमामा, "आम्हाला काही झालं नाही" या वाक्यावर माझा दवाखाना चालतो.

माजघर, मावळे अजिबात नकोत. शिसं ३२७ अंशाला वितळतं, म्हणजे घरच्या गॅसवर सहज, आणि अडचण तिथेच आहे. वर साय धरावी तशी राख येते, ती पळीने बाजूला काढताना धूळ उडते, ओट्यावर बसते, पोळीबरोबर पोटात जाते. मोठ्यांच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहा टक्के अंगात मुरतं, लहान मुलांमध्ये हे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जातं. मुलाला लोह-कॅल्शियम कमी पडत असेल तर आणखी जास्त, कारण शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात साठवतं. मेंदूवरचा परिणाम परत फिरत नाही. गोळा नुसता पडून राहिला तर काही करत नाही. हात लावलात तर साबणाने धुवा, एवढंच.

माजघर
बाप रे. मावळे रद्द. चिरंजीव फुगून बसलेत.

गणूमामा, नखाने काहीच उमटलं नाही. नखच तुटलं. सुरीने ओरखडा निघतो, आत चकचकीत पांढरं दिसतं. कागदावर घासलं तर पुसट राखाडी रेघ येते.

शाईचा_डाग
रेघ येते म्हणजे शिसंच! म्हणून तर शिसपेन्सिल.

घनफळ
शिसपेन्सिलीत शिसं नसतं हो. ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बन. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेलला ग्रॅफाइटची खाण सापडली तेव्हा लोकांना ते शिशाचंच भावंड वाटलं, कारण खरं शिसंही कागदावर करडी रेघ ओढतं. १७७९मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने तो कार्बन आहे हे दाखवलं, पण तोवर नाव चिकटलेलं होतं. आपण ते नाव तसंच मराठीत आणलं.

शाईचा_डाग
म्हणजे चौथीत शेजारच्या बाकावरच्या मुलाने तळहातात टोक खुपसलं, तो निळा ठिपका अजून आहे, आणि मी पस्तीस वर्षं मनात मृत्युपत्र लिहितोय, ते फुकट?

टवाळ
तसंच शिसवी पलंगातही शिसं नसतं, आणि औषधाच्या शिशीतही नसतं. आत्ताच सांगून ठेवतो.

नळवाला
बऱ्याच दिवसांनी माझ्या कामाचा धागा आला. वडील मुंबईत प्लंबर, मी पण. प्लंबर हा शब्दच शिशाच्या लॅटिन नावावरून आला, प्लंबम. रसायनशास्त्रातलं पीबी तिथलंच.

जुन्या चाळींच्या मागे बिडाचे जाड पाइप उतरलेले दिसतात ना, त्यांचे सांधे शिशाचे. वडिलांबरोबर जायचो तेव्हा माझं काम शेगडी फुंकायचं. पाइपाच्या तोंडात दुसरा पाइप बसवायचा, फटीत तागाची दोरी ठोकून भरायची, बाहेरून ओल्या मातीची कड लावायची आणि वर एक भोक ठेवायचं. मग पळीने शिसं ओतायचं, एका दमात. मधे थांबलात तर थर पडतो आणि सांधा गळतो. थंड झालं की बोथट छिन्नीने गोल फिरत ठोकायचं. शिसं मऊ, ठोकलं की पसरतं, फट धरून बसतं. रबर चिरतं, सिमेंट तडकतं, शिसं मात्र इमारत जराशी बसली तरी सोबत वाकतं. शंभर वर्षांचे सांधे मी उघडलेत, आतून शिसं नव्यासारखं.

आता दुसरी बाजू. एकदा पावसाळ्यात सांधा आतून ओला राहिला होता. वडिलांनी ओतलं आणि ते शिसं परत वर उडालं. पाण्याची क्षणात वाफ झाली, बंदुकीसारखा आवाज. वडिलांच्या हातावर सहा ठिपके होते, शेवटपर्यंत. गॅसवर वितळवू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पोटात जायची गोष्ट तर नंतरची.

रसशाळा
नळवाला म्हणतात ते अगदी खरं. आमच्या शास्त्रात शिशाला नाग म्हणतात. नागाचं शोधन करताना वितळलेलं शिसं तिळाचं तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत प्रत्येकी सात वेळा ओततात. ते उडतं म्हणून भांड्यावर भोकाचं झाकण ठेवतात आणि त्या भोकातून ओततात. पूर्वजांना माहीत होतं सगळं. विधिवत केलेलं नागभस्म विषारी नसतं.

डॉ. कडुनिंब
झाकणाबद्दल पूर्वजांना दंडवत. भस्माबद्दल नाही. सात वेळा ओता नाहीतर सत्तर वेळा, शिशाचा अणू शिशाचाच राहतो. २००४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४मध्ये शिसं, पारा किंवा अर्सेनिक निघालं. माझ्याकडे पोटात मुरडा, रक्त कमी आणि हिरड्यांवर निळसर रेघ असा रुग्ण आला की दुसराच प्रश्न असतो, "कुठली पुडी चालू आहे?"

रसशाळा
बाजारातल्या भेसळीवरून शास्त्राला नावं ठेवू नयेत. विधिवत हा शब्द मी उगाच लिहिला नाही.

डॉ. कडुनिंब
रक्तातल्या शिशाचा आकडा विधी विचारत नाही.

संपादक मंडळ
आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी यासाठी किमान चार धागे उघडे आहेत. इथे गोळ्यावर बोला.

टवाळ
पॉपकॉर्न आणेपर्यंत संपवलं पण.

कल्हईवाली
माजघरताई, कथील असू शकेल का? माझं माहेर तांबट आळीतलं. कथील शिशासारखंच दिसतं, जरा जास्त पांढरं. आमच्या आजोबांची परीक्षा अशी : कांडी कानाजवळ धरून वाकवायची. कथील असेल तर कुरकुरतं, पापड मोडल्यासारखं. शिसं मुकाट वाकतं.

कल्हईवाला दारात आला की आजी समोर पाट टाकून बसायची. भांडं तापवून नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवायची, ती लोण्यासारखी पसरते, लगेच कापसाने पुसून घ्यायचं. शिसं कथलापेक्षा स्वस्त, म्हणून लबाड माणूस कांडीत शिसं मिसळायचा. नवी कल्हई झालेल्या पातेल्यात आजी पांढरा कापड बोळा चोळून बघायची, काळा आला की पैसे नाहीत. अशा पातेल्यात आमटी-चिंचेचं सार उकळलं तर काय होत असेल, डॉक्टर सांगतीलच.

डॉ. कडुनिंब
तुमच्या आजीच माझ्यापेक्षा बऱ्या डॉक्टर होत्या. आंबट पदार्थ आणि शिसं ही जोडी वाईट. रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवून काकवीसारखा करायचे. शिशाचा क्षार चवीला गोड लागतो, हीच मोठी फसवणूक. लहान मुलं जुन्या रंगाचे पोपडे आवडीने खातात त्याचं एक कारण हे. आपल्याकडे घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको असा नियम २०१६मध्ये झाला, नोव्हेंबर २०१७पासून लागू. म्हणजे त्याआधी रंगवलेली खिडकी खरवडताना मुलांना बाहेर काढा आणि रंग ओला करून मगच घासा.

माजघर
वाकवायचा प्रश्नच नाही, ४ किलोचा गोळा आहे कल्हईवालीताई. :)

उंबरठा
शेंदूर पण शिशाचाच ना? मारुतीला लावतो तो?

रसशाळा
होय. शेंदूर म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड. हिंगूळ वेगळा, तो पाऱ्याचा. मुर्दाडशिंग हेही शिशाचंच. कुंकू मात्र हळदीचं, त्यात शिसं नसतं. निदान नसावं.

नळवाला
आमचा सफेतापण पूर्वी शिशाचाच असायचा. नळाच्या आट्याला ताग गुंडाळून वर चोपडायचो तो. आणि पुलांच्या लोखंडाला पहिला हात शेंदरी रंगाचा द्यायचे, गंज धरू नये म्हणून, तोही शिशाचा शेंदूर. मारुतीला गंज चढू नये हाच हेतू असेल.

उंबरठा
देवीच्या तांदळ्यावर वर्षानुवर्षं थर चढत जातात, त्याचं मग कवचच होतं. २०२२मध्ये वणीच्या सप्तशृंगीचं कवच उतरवलं तेव्हा मूळ मूर्ती किती वेगळी दिसली. तेव्हापासून मनात येतं, गाभाऱ्यात दिवसभर बसणाऱ्या पुजाऱ्यांच्या हाताला काय लागत असेल.

क्षकिरण
मी एक्स-रे टेक्निशियन. रोज अंगावर शिसं घालतो, म्हणून दोन शब्द.

शिशाचा अणू जड, ८२ प्रोटॉनचा, आणि घनताही भरपूर. एका लिटरच्या तांब्यात पाणी किलोभर मावतं, शिसं ११ किलो ३४० ग्रॅम. त्या गर्दीतून किरण पार होत नाहीत. आमच्या एप्रनमध्ये अर्धा मिलीमीटर शिशाइतकी आड असते, तेवढ्यानेच बहुतेक विखुरलेला एक्स-रे थांबतो. नवीन मुलांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो : एप्रन घडी घालून ठेवायचा नाही, खुंटीवर नीट टांगायचा. घडीवर आत तडा जातो, बाहेरून कापड धडधाकट दिसतं. मी एकदा शंका आली म्हणून एप्रनचाच एक्स-रे काढला. पोटाच्या जागी कोळ्याचं जाळं. त्याआधी तो किती महिने कोण घालत होतं, विचारू नका.

आणखी एक गंमत. युरेनियम किरण फेकत फेकत शेवटी कुठे थांबतं? शिशात. अशनीतल्या शिशाचं प्रमाण मोजून क्लेअर पॅटरसनने १९५६मध्ये पृथ्वीचं वय साधारण ४५५ कोटी वर्षं काढलं. मोजताना त्याला प्रयोगशाळेत जिकडेतिकडे नको असलेलं शिसं सापडत होतं. ते कुठून येतं याचा माग काढत तो पेट्रोलपर्यंत पोचला, आणि पुढची कित्येक वर्षं त्या कंपन्यांशी भांडला. इंजिन ठोकू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायचे. आपल्याकडे ते २०००मध्ये पूर्ण बंद झालं. पंपावर "अनलेडेड" अशी पाटी असायची ती आठवत असेल.

गणूमामा
आठवते की. मला वाटायचं ते स्त्रियांसाठी वेगळं पेट्रोल. अन-लेडीज.

टवाळ
मामा, तुमच्यासाठी हा धागा शंभरी गाठणार.

इन्व्हर्टर_पुराण
सगळे इतिहासात रमलेत. जगातलं बहुतेक शिसं आज बॅटरीत जातं. १८५९मध्ये प्लांतेने शोधलेली, अजून तीच. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं, प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल. चार्ज असेल तर आम्लाची घनता १.२८, उतरली की १.१२च्या आसपास. म्हणून मेकॅनिक ती काचेची पिचकारी घालून बघतो. डिस्टिल्ड वॉटरच्या जागी नळाचं पाणी घालू नका आणि महिनोन्‌महिने उतरलेली ठेवू नका, पट्ट्यांवर पांढरं साकळतं आणि बॅटरी संपते. जुनी बॅटरी दुकानात परत द्या. वस्तीत फोडून परड्यात वितळवणारे असतात, त्यांच्या पोरांचे हाल डॉक्टरांना विचारा.

चिंचवृक्ष
वाण्याकडचं लोखंडी वजन कधी उलटं करून बघितलंय? बुडाला एक खळगा असतो, त्यात शिसं भरलेलं आणि त्यावर वजनमापं खात्याचा शिक्का. वजन ओतताना काट्यावर नेमकं उतरत नाही, म्हणून खळग्यात शिसं कमी-जास्त करून बरोबर करायचं. शिसं मऊ म्हणून ठसा स्वच्छ उठतो, आणि खळगा उकरला तर ठसा मोडतो, चोरी पकडली जाते. विजेच्या मीटरच्या तारेला पूर्वी शिशाचं सील असायचं ते याच कारणाने. आमच्या वडिलांचं दुकान होतं. शिक्का मारायला साहेब येणार त्या दिवशी वजनं चिंचेने घासून ठेवणं हे माझं काम.

नाणेघाट
मंडळी, आपल्या मातीतलं राहिलंच. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. शिशावर जहाजाचा छाप असलेली नाणीही आहेत. आता गंमत अशी, की प्लिनी हा रोमन लेखक लिहितो, भारतात तांबं नाही की शिसं नाही, ते लोक आपली रत्नं आणि मोती देऊन हे धातू घेतात. राजस्थानात जावरला जुन्या खाणी आहेत, त्यामुळे "अजिबात नाही" हे काही खरं नाही, पण भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत शिसं आहे. म्हणजे रोमन जहाजातून शिसं यायचं आणि इथे त्याचे पैसे व्हायचे. वापरातला चिल्लर धातू, मऊ, कमी तापमानात वितळणारा, छाप पटकन उठणारा. ती नाणी हातात घेतलीत तर आवाज येत नाही. दगडावर टाका, थप्प. खणखणीत नाणं हा वाक्प्रचार शिशावरून आलेला नाही हे नक्की.

टवाळ
आमच्या सोसायटीत दहा दिवस डीजे असतो, कानात शिसं ओतल्यासारखं. तो वाक्प्रचार तरी शिशाचा आहे ना?

नाणेघाट
तोही पूर्ण नाही. गौतम धर्मसूत्रात शूद्राने वेद ऐकले तर कानात त्रपु आणि जतु ओतावं असं आहे, कथील आणि लाख. विनोदात वापरण्याआधी ती शिक्षा कोणासाठी लिहिली होती ते आठवावं.

टवाळ
मान्य. माहीत नव्हतं. प्रतिसाद मागे घेतो.

संपादक मंडळ
या विषयावरचे पुढचे चार प्रतिसाद स्वतंत्र धाग्यावर हलवले आहेत. गंभीरपणे बोलायचं असेल तर तिथे जरूर या.

घनफळ
मूळ प्रश्नाकडे. माजघर, तुमचा गोळा नखाने ओरखडला जात नाही, म्हणजे शुद्ध शिसं नव्हे. घनता काढा, दहा मिनिटांचं काम. काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. गोळ्याला नायलॉनची दोरी बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा टांगता धरा. तळाला, कडेला टेकू द्यायचा नाही. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. ४६४०ला त्याने भागा. शिसं असेल तर ११.३ यायला हवं, कथील ७.३. चिरंजीवांना द्या हे काम, मावळ्यांची भरपाई.

जुना_खिळा
फोटो मोठा करून पाहिला. दोन दिवस लिहू की नको करत होतो. वरच्या बाजूचे ते उंचवटे चौकोनी आहेत का? टोकाशी काही कोरलेलं वाटतं का? आरशासमोर धरून बघा.

मी सत्तरीचा आहे, अकरा वर्षं छापखान्यात हाताने खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवले. खिळ्याचं शिसं म्हणजे नुसतं शिसं नव्हे. नुसतं शिसं छपाईच्या दाबाखाली चेपतं, दहा कागदांत अक्षर बसकं होतं. म्हणून त्यात अँटिमनी, त्याने कडकपणा येतो आणि थिजताना धातू आकसत नाही, अक्षराची कड साच्यात भरून येते. थोडं कथील, म्हणजे रस नीट वाहतो. असा धातू नखाला दाद देत नाही. पडला तर मात्र मोडतो. मात्रा-वेलांट्यांची टोकं मोडून मोडून आमच्याकडे गाडगं भरायचं. झिजलेले खिळे वितळवून परत ओतायला जायचे.

संध्याकाळी बोटं काळी. मालक गूळ द्यायचे, शिसं उतरतं म्हणून. उतरत असेल असं वाटत नाही, पण गूळ चांगला असायचा. उलटं वाचायची सवय इतकी, की अजून रुग्णवाहिकेवरचं नाव मला सरळ वाटतं.

डॉ. कडुनिंब
गुळाने शिसं उतरत नाही, पण पोट भरलेलं असलं तर शिसं कमी शोषलं जातं. तेव्हा मालक अगदीच चुकीचे नव्हते. काका, एकदा रक्ततपासणी करून घ्या. जुनं शिसं हाडात बसतं आणि म्हातारपणी हाडं झिजली की परत रक्तात येतं.

जुना_खिळा
केली आहे डॉक्टर. चष्मा सोडून सगळं ठीक.

माजघर
मंडळी, पहिला प्रयत्न फसला. चिरंजीवांचा हात दुखला, गोळा तळाला टेकला आणि काट्यावर नुसता "ई" आला. दुसऱ्यांदा पोळपाटाचं लाटणं आडवं धरून त्याला गोळा टांगला. ४५० ग्रॅम. दोनदा केलं, दोन्हीदा ४५०च्या आसपास. म्हणजे १०.३.

घनफळ
व्वा! शिसं नाही, कथील नाही. ८४ भाग शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील असं मिश्रण धरलं तर हिशेबाने १०.२५च्या जवळपास येतं. जुना_खिळा, घ्या टाळी.

गणूमामा
मी शिसंच म्हटलं होतं. ८४ टक्के बरोबर निघालो. आमच्या वेळी एवढ्यात पहिला वर्ग मिळायचा.

माजघर
थांबा, पुढे ऐका. आरसा धरला. चार उंचवट्यांपैकी दोन नुसतेच चौकोनी बुंधे आहेत, वितळून गेलेले. एकावर स्वच्छ "क" आहे. चौथा अर्धा गळालाय, आई म्हणते "त", मला "ल" वाटतो.

मग आत्याला फोन लावला. ती ८१ वर्षांची आहे. म्हणाली, "मेली ती कढई!" शाळेत लागण्याआधी आजोबा चार वर्षं एका छापखान्यात जुळारी होते, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. छापखाना बंद पडला, मालकाकडे पगाराला पैसे नव्हते, त्याने तीन महिन्यांच्या बदली दोन पिशव्या झिजके खिळे दिले. आजोबांनी परड्यात चूल मांडून ते आजीच्या कढईत वितळवले, पुण्याला नेऊन विकायचे म्हणून. शेवटची मूठ टाकेपर्यंत बहुधा जाळ उतरला होता, म्हणून ते चार खिळे तसेच राहिले. आजी माहेरी गेली होती, ती परत आली आणि कढई बघून दोन दिवस बोलली नाही. त्या कढईत पुन्हा स्वयंपाक केला नाही, तिच्यात तुळशीजवळ माती भरून ओवा लावला. गोळा विकायचा राहूनच गेला.

कल्हईवाली
कढई टाकली नाही आणि स्वयंपाकातही घेतली नाही. शहाणी बाई.

डॉ. कडुनिंब
ओवा मात्र खाल्ला नसला म्हणजे झालं.

माजघर
आत्या म्हणते भजी व्हायची. :(

जुना_खिळा
क चा तो खिळा बारा पॉइंटचा असावा. मोजून सांगाल का? नुसतं अक्षर नको, चौकोनी बुंधा मोजा, अक्षराच्या डोक्याकडच्या कडेपासून पायाकडच्या कडेपर्यंत. साधारण सव्वाचार मिलीमीटर भरला तर बारा.

माजघर
सव्वाचार. किंचित कमी.

जुना_खिळा
बरोबर. मजकुराचा टाइप. मग कदाचित पुस्तकाचं काम असेल, पत्रिकांचं नव्हे. विकू नका, असं सांगायचा मला हक्क नाही, पण विकू नका.

माजघर
नाही विकत काका. प्लॅस्टिकच्या डब्यात घालून, वर चिठ्ठी चिकटवून कपाटावर ठेवलाय, मुलाच्या हाताबाहेर. आत्या येणार आहे, तिला बघायचाय. मुलाने शाबूदाण्याच्या लगद्याने "क"चा ठसा घेतलाय, त्याचं समाधान झालं. धाग्याचं शीर्षक बदलायचं होतं, पण संपादनाची मुदत संपली म्हणतोय.

नवा_पाहुणा
सगळा धागा वाचला, छान माहिती. माझ्याकडेपण आजोबांचा असाच जड गोळा आहे. फक्त त्याला लोहचुंबक चिकटतं. शिसं असेल का?

टवाळ
मामा, घ्या, तुमचा पेशंट.

गणूमामा
शिसंच.